झोळापासून ताणापर्यंत : आमची वाटचाल

गाडीच्या आतलं कापडी छत दुरुस्त करण्याचं आमचं काम सुरू झालं ते गोंदाच्या डब्यावर, आणि सुरुवातीची काही छतं परत आली तीही त्या डब्यापायीच. जुन्या गाडीच्या छताला झोळ पडला की वाटतं, गोंद सुटला. प्रत्यक्षात कापडामागचा जेमतेम 3 मिलिमीटरचा फोम संपलेला असतो. उष्णता आणि दमटपणाने पॉलियुरेथेनचा भुगा होतो. तेच कापड पुन्हा चिकटवायचं म्हणजे भुग्यावर चिकटवायचं. पिना टोचणं, सुईने गोंद भरणं हे प्रकार आम्ही तेव्हाच बंद केले.

मग तक्ता, म्हणजे कापड ज्यावर चिकटवलेलं असतं तो छताखालचा पुठ्ठा, बाहेर काढूनच काम करायला लागलो. सन व्हायझर, हँडल, दिवा, खांबांची आवरणं काढायची, पुढच्या सीट पूर्ण मागे पाडायच्या आणि दोघांनी मिळून तक्ता न वाकवता बाहेर घ्यायचा. त्याला पडलेली घडी नव्या कापडातूनही दिसते. तोंडाला मास्क लावून भुगा नायलॉनच्या ब्रशने काढतो, कारण तारेचा ब्रश पुठ्ठ्याचे थर उचकटतो. तळहात फिरवून पाहायचा. काही लागलं तर पुन्हा घासायचं. कंटाळवाणं काम आहे, पण छत किती टिकणार ते इथेच ठरतं. तडा असेल तर वरच्या, न दिसणाऱ्या बाजूने फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन.

गोंदही बदलला. उन्हात बंद गाडीचं छत 70 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतं, आणि साधा स्प्रे गोंद त्याआधीच मऊ पडतो. म्हणून जास्त तापमानाला टिकणारा कॉन्टॅक्ट गोंद, तोही तक्ता आणि कापड दोन्हींना. बोटाला चिकटतो पण तार ओढत नाही, इतका सुकू द्यायचा. कापड मध्यावर दुमडून अर्धं-अर्धं चिकटवायचं आणि तळहाताने मधून कडेला दाबत न्यायचं. दिव्याच्या खोलगट जागेत ते आधी तळाला बसवायचं. वरून ताणून नेलं तर पुढचा झोळ नेमका तिथेच पडतो.

पण आमची खरी परीक्षा तक्ता नसलेल्या गाड्यांनी घेतली. 1970 च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत छत पोलादी कमानींवर टांगलेलं असतं. कापडाला आतून नेफे शिवलेले, आणि नेफ्यात कमान. प्रत्येक कमानीचा बाक वेगळा असू शकतो, म्हणून काढतानाच क्रमांक आणि डावी-उजवी बाजू लिहायची. कमानीचं टोक बसतं तिथे एकापेक्षा जास्त भोकं असतील तर मूळचं कोणतं, त्यावर खूण. गंज घासून कमानी रंगवायच्या, नाहीतर डाग कापडातून उमटतात.

जुनं छत उसवून नमुना मिळतो, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये. वर्षानुवर्षं तापून कुठे आटलेलं असतं, कुठे ओघळलेलं. कमानींमधली अंतरं आम्ही गाडीतच टेपने मोजतो, शिवणीला 12 मिलिमीटर आणि चारी कडांना 5 ते 7 सेंटिमीटर जादा ठेवतो. बऱ्याच गाड्यांत कापडाची कड काचेच्या रबराखाली जाते; तिथे काच काढावीच लागते, आणि कडक झालेलं रबर त्याच वेळी बदललेलं बरं.

व्हिनाइल असेल तर बसवण्याआधी उन्हात पसरून मऊ करायचं. आधी पुढचा आणि मागचा मध्य ताणायचा, मग बाजू, सगळं चिमट्यांवर. सगळीकडचा ताण जुळल्याशिवाय गोंदाला हात लावायचा नाही. इतकं करूनही दारांच्या वर तिरप्या सुरकुत्या राहतात. मग कापड आणखी खेचलं जातं आणि शिवण फाटते. दोष बहुधा नेफ्याच्या टोकाचा असतो: नेफा कडेपर्यंत गेलेला असतो आणि कापडाला वर ओढून धरतो. दोन्ही टोकांना तो एकेक सेंटिमीटर कापत जायचं, सुरकुती मोकळी झाली की थांबायचं. जास्त कापला तर कापड कमानीपासून लोंबतं आणि पुन्हा जोडता येत नाही. उरलेल्या बारीक सुरकुत्या वाफेने जातात.

घरी बसवणाऱ्यांसाठी आता आम्ही शिवून तयार छतं देतो. त्यांतले नेफे मुद्दाम लांब ठेवलेले असतात. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही ते सारखेच कापावे लागतील असं नाही, आणि ते गाडीत कमानी चढल्यावरच कळतं.