तुम्ही विचारलंत म्हणून: जावं, की जाऊच नये?

मी ऐरोलीत राहते आणि आसपासच्या खाड्या, पाडे, कोळीवाडे यांच्याविषयी सतत बोलत असते, म्हणून एक प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो. विचारणारी माणसं मनापासून विचारतात. "अशा ठिकाणी आपण फिरायला गेलो की कचरा होतो, आवाज होतो, कुणाच्या तरी दारात उभं राहून फोटो काढल्यासारखं वाटतं. मग न गेलेलंच बरं, नाही का?"

माझं उत्तर असं की जरूर जा, पण तिथल्या वेळेने जा. बहुतेक नुकसान आपल्या शनिवार-रविवारच्या हट्टाने होतं असं मला वाटतं. कचऱ्याबद्दल निदान सगळे बोलतात तरी.

आधी खाडीचंच बघा, ती आपल्या दारात आहे. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये तिचं नाव रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून पक्षी बघायला होड्या निघतात. लोकांना रविवारी सकाळची, नाश्ता करून निघता येईल अशी वेळ हवी असते. पण होडी भरतीवर चालते, आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. ओहोटीला कडेचा चिखल उघडा पडतो. तिथे होडी रुतते, आणि रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, ताट मात्र तिथेच मांडलेलं असतं: मान खाली घालून, चोच उलटी धरून ते चिखलपाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. पाणी किती चढलं की होडी निघेल आणि तेव्हा थवे कुठे सरकलेले असतील, हे खाडीवर वाढलेल्या माणसाला विचारावं. तो तिथीवरून सांगतो. पुनवेला, अवसेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं. ही पिढ्यांची विद्या आहे आणि तिचे पैसे मोजताना मला आनंद होतो.

त्या होडीत बसून एक वाक्य मात्र कृपा करून बोलू नका: "दादा, थोडं जवळ घ्या ना, उडाले की फोटो छान येतो." पाहुण्यांना नाही म्हणणं होडीवाल्याला जड जातं. पक्षी हिवाळ्यात येतात ते पोट भरायला, आणि परतीच्या प्रवासाची ताकद इथेच साठवतात. विनाकारण उडवलेला थवा ती ताकद खर्चून बसतो.

याच खाडीने काठच्या गावांना निवट्या, चिंबोऱ्या, बोय, कोळंबी दिली. शहराचं सांडपाणी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांची रसायनं तिच्यात उतरत गेली तशी मासळी कमी झाली. म्हणून एखादा कोळी तरुण पक्षी दाखवून चार पैसे मिळवतो, तेव्हा त्या पैशाला फार किंमत आहे. पण पक्षी उन्हाळा सरता सरता निघून जातात. मग बाकीच्या महिन्यांतही त्या गावांकडे पाय वळवा. बेलापूरच्या दिवाळे गावात मासळी घ्यायला जा. जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठी. त्या दिवसांत पापलेटचा आग्रह धरण्यापेक्षा मावशींकडची सुकट, सुके बोंबील घ्या.

ठाण्याच्या येऊरबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या या डोंगरात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत, बिबट्यांचा वावर आहे, आणि तिथेच रात्री उशिरापर्यंत दिव्यांचे झोत आणि गाण्यांचे भोंगे चालतात. पाड्यातल्या लोकांनी वेळोवेळी त्याविरुद्ध आवाज उठवला आहे. त्या पार्ट्यांना जाऊन आपण कुणाला आधार देतो? निदान पाड्याला तरी नाही.

वारल्यांचं नाव निघालंच आहे, तर तारप्याबद्दल सांगायला हवं. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं हे वाद्य. नवं भात हाताशी आलं की तारपा वाजू लागतो, लोक त्याच्याभोवती फेर धरतात. त्याला स्वतःचा हंगाम आहे. हॉटेलच्या हिरवळीवर, रात्रीच्या जेवणाच्या ताटांसमोर भर पावसाळ्यात तारपा वाजवायला लावला, की वाजवणाऱ्याच्या हाती दोनशे-पाचशे रुपये पडत असतीलही, पण मला ते बघवत नाही. चित्रांचंही तसंच. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला चौक लग्नाचा, पालघट या लग्नातल्या देवीचा. तो सवाशिणींनी काढायचा. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर, कापडावर आणून जगापुढे नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही, म्हणजे त्या भागाची खास कला अशी अधिकृत नोंदही, मिळालं. तेव्हा चित्र हवं असेल तर डहाणू, जव्हार, विक्रमगडकडच्या चित्रकाराच्या घरून घ्या, त्याची सही असलेलं घ्या, आणि तो सांगेल तो भाव द्या. कारखान्यात छापलेल्या वारली नक्षीच्या कपातून डहाणूला काहीच पोचत नाही.

गावात मुक्काम करायचा असेल तर मी आधी दोनच गोष्टी विचारते: जेवण कोण रांधणार आणि पैसे कुणाच्या हातात जाणार. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा बचत गट स्वतः होड्या वल्हवत कांदळवन दाखवतो. तिथे दोन्ही प्रश्नांची उत्तरं होडीतच बसलेली असतात. आपल्याकडे असं आणखी किती उभं राहू शकेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं "न गेलेलंच बरं" मला पटतं, ती म्हणजे काजवे. पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस हा खेळ चालतो. नर उडता उडता लुकलुकतो, गवताझुडपात बसलेली मादी उत्तर देते, आणि त्या खुणेवर पुढची पिढी ठरते. शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागली की हेडलाइटच्या उजेडात ती खूण दिसेनाशी होते आणि गवतातल्या माद्या पायाखाली येतात. मधल्या वारी, मोजक्या माणसांनी, गावातल्या वाटाड्याबरोबर, बॅटरी विझवून जाता येत असेल तर जा. नाहीतर तो शनिवार ठाण्यातच काढा.

त्याच दिवसांत जांभळी नाक्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. पुढे पावसाबरोबर फोडशी, टाकळा, कंटोळी येतात. पहाटे रानात हिंडून गोळा केलेल्या जुडीवर पाच रुपयांची घासाघीस करू नका. शेवळांबरोबर काकडं ही रानफळं मागून घ्या, त्यांच्या आंबटपणाशिवाय घसा खवखवतो. कशी करायची ते त्यांनाच विचारा. गर्दी नसेल तर चिंच किती, खोबरं किती, सगळं नीट सांगतात.