आमची वाटचाल : गच्चीच्या कामापासून पोहण्याच्या तलावांपर्यंत

पुण्यात आम्ही सुरुवात केली ती गच्च्या आणि बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगने. एका सोसायटीत गच्चीचं काम चालू असताना सेक्रेटरी काका आम्हाला खाली स्विमिंग पूलपाशी घेऊन गेले. टाइल्सच्या कडा मुलांच्या पायाला लागत होत्या, टाइल्समधल्या फटींत भरलेलं ग्राउट नखाने खरवडलं तरी निघत होतं. नव्या टाइल्स कोणत्या रंगाच्या घ्यायच्या, एवढंच कमिटीला ठरवायचं होतं. पूल रिकामा झाल्यावर आमचे मिस्त्री आत उतरले, एकेक टाइल ठोकून पाहिली आणि जी पोकळ वाजेल तिच्यावर खडूने फुली मारत गेले. संध्याकाळी खोल बाजूचा बहुतेक तळ फुल्यांनी भरला होता. खालच्या गिलाव्यानेच काँक्रीट सोडलं होतं. तिथे वरून काहीही लावलं असतं तरी ते टिकलं नसतं.

पूलची कामं आम्ही तिथून मनापासून घ्यायला लागलो. आजही आधी ठोकून पाहतो, मगच दर देतो.

गिलावा पक्का असेल आणि बजेट कमी असेल, तर इपॉक्सी रंग, म्हणजे दोन घटक मिसळून लावायचा कडक होणारा रंग, चालतो. मात्र पृष्ठभाग पूर्ण कोरडा हवा. नव्या गिलाव्याला 28 दिवस द्यावेच लागतात. शिवाय काही वर्षांनी पुन्हा रंगवायची तयारी ठेवावी लागते. पूलच्या टाकीला बारीक तडे असतील आणि सगळं फोडायचं नसेल, तर 1.5 मिलिमीटरचं पीव्हीसी मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारं प्लास्टिकचं अस्तर, बसवतो. त्याचे सांधे गरम हवेने जोडतात. हे काम शिकायला आमच्या पोरांना वेळ लागला, कारण कोपऱ्यात सुरकुती राहिली की तिथे शेवाळ धरतं. आणि सगळं फोडायचंच असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: वॉटरप्रूफिंग नव्याने करा, पाणी भरून गळती तपासा आणि वर काचेचं मोझॅइक, म्हणजे काचेच्या छोट्या टाइल्स, इपॉक्सी ग्राउटमध्ये बसवा. खर्च सर्वांत जास्त, पण काच पाणी जवळपास शोषतच नाही.

अलिबागकडची बंगल्यांची कामं मिळाली तेव्हा आणखी एक गोष्ट पाळावी लागली. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं. ते तळाच्या एक मीटर वर असेल, तर प्रत्येक चौरस मीटरला खालून सुमारे एक टन जोर लागतो. अशा वेळी पूल रिकामा केला की टाकी होडीसारखी उचलली जाऊ शकते किंवा तळ तडकतो. मालकांना गणपतीच्या आधी काम संपवून हवं असतं, तरी आम्ही थांबायलाच सांगतो. काही कामं त्यामुळे हातची गेली.

पावसाळ्यात आमची माणसं पाहणी करतात, पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचं माप) 7.2 ते 7.6 मध्ये कसा ठेवायचा ते पूल सांभाळणाऱ्यांना शिकवतात. आम्लधर्मी पाण्याने सिमेंटचं ग्राउट झिजतं. फोडकाम दिवाळीनंतर सुरू होतं.