मायनं ओळखलेला बगळा

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधच्या अलीकडं. मी इथल्या शाखा डाकघरात टपाल वाटतो. तिकिटांचा नाद तिथंच लागला. रद्दी लिफाफ्याचा कोपरा कापायचा, कोमट पाण्यात भिजत ठेवायचा, तिकीट सुटून वर आलं की पेपरवर पालथं वाळवायचं. आता माझ्याकडं चार अल्बम भरलेत आणि त्यांतला एक नुसत्या पक्ष्यांचा आहे.

त्यातलं मला सगळ्यात प्रिय पान आहे आफ्रिकेचं. 2004 साली आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या आठ देशांच्या टपालखात्यांनी मिळून राष्ट्रीय पक्ष्यांची तिकिटं काढली. प्रत्येकानं फक्त आपलाच पक्षी छापला असता तरी चाललं असतं. पण त्यांनी एकमेकांचेही पक्षी आपल्या तिकिटांवर घेतले. नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या तिघांचा पक्षी एकच, मत्स्यगरुड. एका पानावर तो तीनदा येतो, तीन देशांच्या नावानं. मला हे फार आवडतं. एकच पक्षी तिघांचा असला म्हणून कुणाचं काही कमी होत नाही.

दक्षिण आफ्रिकेचा निळा क्रौंच पाहिला की मला आमचा सारस आठवतो. तो तिकडं गव्हाच्या शेतांत वावरतो आणि आमचा सारस धानाच्या बांधीत घरटं करतो. घरटं दिसलं की आमच्याकडचे कितीतरी शेतकरी तेवढा तुकडा तसाच सोडून पुढं रोवणी करतात.

मागच्या वर्षी मे संपता संपता मी ते पान भिंगाखाली धरून बसलो होतो. माय शेजारी येऊन टेकली. तिला वाचता येत नाही, पण भिंग तिनं हातात घेतलं आणि बोट ठेवलं ते थेट बोत्सवानाच्या पक्ष्यावर.

"हा तं आपला बगळा हाय!"

खरंच, बोत्सवानाचा तेव्हाचा पक्षी म्हणून त्या तिकिटावर गायबगळाच आहे. चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टरमागं रांगेनं चालणारा, बेडूक अन् नाकतोडे टिपणारा. मृगाच्या तोंडावर त्याच्या डोक्या-मानेवर हळद लावल्यासारखा रंग चढतो, तेव्हा माय म्हणते, बगळ्याचं लगीन आलं. काही पक्षीतज्ज्ञ आता आशियातला आणि आफ्रिकेतला गायबगळा वेगळ्या जातीचे मानतात. मायसाठी तो एकच.

आपल्या देशाचंही असं एक जोडतिकीट आहे. 2003 साली भारत आणि फ्रान्सनं मिळून मोर आणि कोंबडा काढला. मोर 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी, आणि कोंबडा हे फ्रान्सचं जुनं चिन्ह. तिकिटं देखणी आहेत. पण मन मात्र शेजाऱ्यांकडं ओढतं. 1975 साली आपल्या टपालखात्यानं पक्ष्यांची चार तिकिटं काढली, त्यांतलं दोन रुपयांचं मोनालचं. तोच मोनाल नेपाळचा राष्ट्रीय पक्षी, तिकडं त्याला डांफे म्हणतात. आणि बांगलादेशाचा दोएल म्हणजे आपला दयाळ. उन्हाळ्यात भल्या पहाटे आमच्या शेवग्याच्या शेंड्यावर बसून तो जी शीळ घालतो, तिला तोड नाही. मोर आणि दयाळ शेजारी-शेजारी असलेलं तिकीट माझ्या हातून वाटलं जावं, असं मला मनापासून वाटतं. असं तिकीट चिकटवलेलं पत्र मी चिखल तुडवत पोहोचवीन.

त्या दिवशी माय बराच वेळ भिंग सोडेना. मग म्हणाली, "बापू, त्याइच्याकडं धान होते का?"

मी म्हटलं, "नाही माय, ज्वारी. अन् गुरं लई. तिथल्या रुपयाले पुला म्हणतेत. त्याइच्या भाषेत पुला म्हणजे पाऊस."

"पैशाले पाऊस म्हणतेत?"

"हो."

तिनं भिंग खाली ठेवलं आणि अंगणातून आभाळाकडं पाहिलं. धानाच्या पऱ्ह्यांसाठी, म्हणजे रोपांसाठी, वाफे करून ठेवले होते, आणि अजून एक थेंब पडला नव्हता.