चलन मी भरायचो

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी आठ वर्षं हिशेब लिहिले. दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत सगळ्यांचं ईएसआयचं (सरकारी कामगार विम्याचं) चलन भरायचं कामही माझ्याकडंच. माझा पगार 18,500. त्यातले पाऊण टक्का, म्हणजे 139 रुपये माझे. सव्वातीन टक्के, म्हणजे 602 मालकाचे. आकडे तोंडपाठ. त्या पैशाच्या बदल्यात मिळतं काय, ते मात्र कधी बघितलं नाही. ताप आला की गल्लीतला डॉक्टर. ईएसआयच्या दवाखान्यात रांगेला कोण उभं राहणार!

ऑक्टोबर 2021 संपता संपता माग बंद झाले. सूत महागलेलं, मालकानं हात टेकले.

दिवाळीत साडूच्या पोराचा न्यू जर्सीहून फोन. त्याचीही नोकरी त्याच वर्षी गेलेली. तिकडं नोकरी गेल्यावरही कंपनीचा विमा काही महिने चालू ठेवता येतो, त्याला ‘कोब्रा’ म्हणतात (हे ऐकून बायको दचकलीच). फक्त हप्ता सगळा आपल्या खिशातून. पण एप्रिल ते सप्टेंबर 2021 तो अख्खा हप्ता त्यांच्या सरकारनं भरला. ‘‘काका, तुमच्याकडं काय आहे?’’

‘‘आमच्याकडं काय असणार बाबा,’’ म्हणालो.

बायकोच्या शुगरच्या गोळ्या संपत आलेल्या. पार्क चौकात चहाला आमचा जुना जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, भेटला. घरी तेलुगू, बाहेर खास सोलापुरी. ‘‘ओ साहेब, चलन तुमीच भरत होता की! कार्ड लगेच बंद पडत नाय ओ.’’

खरंच नव्हतं पडलं. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली, की पुढच्या जानेवारी ते जून उपचार मिळतात. म्हणजे आम्हाला जून 2022 पर्यंत. शिवाय ईएसआयचीच, तेव्हा चालू असलेली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना: नोकरी गेली तर 90 दिवसांपर्यंत, सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे. आयुष्यात एकदाच. आधार नि पासबुकाची झेरॉक्स घेऊन दोन चकरा मारल्या. एकदा सर्व्हर डाऊन, एकदा साहेब जेवायला. पण पैसे आले, थेट खात्यात.

गोळ्यांच्या खिडकीवर बायकोला पहिल्यांदा नेलं, तेव्हा तिनं पाकीट उघडून एकेक पट्टी मोजली. मग माझ्याकडं बघितलं. ‘‘आठ वर्षं मी मेडिकलात पैसे मोजत होते, आणि तुम्ही इथं भरत होता?’’ मी पिशवी धरून उभा.

जूननंतर केशरी कार्डावर महात्मा फुले योजना होती, पण ती दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाची. रोजच्या गोळ्यांना तिचा उपयोग नाही.

ऑगस्टात नवी नोकरी लागली. पगार 21,500. ईएसआयला पगाराची मर्यादा तेव्हा 21,000, म्हणजे आम्ही बाहेर. पहिल्याच महिन्यात मेडिकलवाल्याचं बिल बघून बायको म्हणाली, ‘‘पगार पाचशे रुपये कमी द्या म्हणावं की नव्या मालकाला.’’