करिजिनी: आधी उतार, मग चढ

सकाळी सातलाच तंबूत बसवेना. ऑक्टोबरात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात यायचं म्हणजे ऊन अंगावर घ्यायची तयारी हवी. पण मुलांची सुट्टी तेव्हाच, त्यामुळे पर्याय नव्हता. पर्थपासून करिजिनी राष्ट्रीय उद्यान जवळपास 1400 किलोमीटर. डेल्स घळीजवळच्या तळावर पाण्याचा नळ नाही, म्हणून पिण्याचं पाणी कॅन भरून आणलेलं. माश्या मात्र मुबलक. चावत नाहीत, पण डोळ्यांच्या कोपऱ्यात ठिय्या देतात. तोंडावर जाळी घेऊन चहा कसा प्यायचा, हे कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही.

सह्याद्रीत आधी घाम गाळून चढायचं आणि गप्पा मारत उतरायचं. इथे सगळा उलटा कारभार. सपाट पठार, स्पिनिफेक्स गवताचे टोचरे झुबके, पांढऱ्या खोडाची स्नॅपी गमची झाडं, आणि चालता चालता पायाखालची जमीनच संपते. खाली काही ठिकाणी 100 मीटर खोल घळ!

हॅनकॉक घळीत शिडीने उतरलो आणि दहा मिनिटांत ऋतू बदलला. वर चाळिशीला टेकलेला पारा, खाली छातीभर पाण्यात दातावर दात. ऊन तळापर्यंत फार वेळ पोचतच नाही. पुढे 'स्पायडर वॉक': भिंती इतक्या जवळ येतात की एक हात-पाय या भिंतीवर, दुसरा त्या भिंतीवर, असं सरकायचं. सह्याद्रीतली सांधण दरी केलेल्यांना अंदाज येईल. फक्त इथला खडक गुळगुळीत आणि ओला. 'कर्मिट्स पूल' या डोहापाशी वाट संपते. पुढे वाटाड्या आणि दोर असल्याशिवाय जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. 2004 साली इथे अचानक आलेल्या लोंढ्यात बचावाला उतरलेल्या एका स्वयंसेवकाचा जीव गेला. पुढच्या डोहाला त्याचंच नाव आहे.

मी मात्र भिंतीतच अडकलो. बोटाएवढ्या जाडीचे लाल, करडे, काळपट थर, एकावर एक, कुठे सरळ तर कुठे मुडपलेले. सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या ऑक्सिजनमुळे पाण्यातलं लोह गंजून तळाशी बसत गेलं, मधूनमधून सिलिकाचे थर. शेजारच्या टॉम प्राइस गावी हेच लोह खणून रेल्वेने डॅम्पियर बंदरात धाडतात. काही थरांत निळसर तंतू दिसतात. तो ॲस्बेस्टॉस, त्याला हात लावायचा नाही. उत्तरेकडे विटनूमला त्याची खाण होती, 1966 साली बंद झाली. तोवर धुळीने किती कामगारांची फुप्फुसं पोखरली होती!

परतीचा चढ भर दुपारी आला. शिडीचे गज हाताला चटके देत होते. गाडीत दशम्या आणि ठेचा खाल्ला (उन्हात ठेचा, हो!) आणि सरळ 'फर्न पूल' हा डोह गाठला. इथल्या मूळनिवासी बंजिमा लोकांसाठी ही जागा पवित्र. उड्या-आरडाओरडा नको, हळूच उतरा, असं फलकावर लिहिलंय. मुलांनीही ते पाळलं, हा चमत्कारच. वर झाडांवर वटवाघळं पंखांनी वारा घेत लटकलेली, खाली आम्ही गळ्यापर्यंत पाण्यात.

दुसऱ्या दिवशी 1234 मीटर उंचीचा माउंट ब्रूस चढायचा बेत होता. रात्री जेवताना विषय निघाला. सौ. म्हणाली, "तू जा, आम्ही डोहात आहोत." मीही फार ताणून धरलं नाही.