घोडीला कानात बिल्ला नसतो

आमची फिली, म्हणजे तरुण घोडी, शर्यतीतून बाहेर पडली, तो भाग सुरळीत झाला. टेंडनचं दुखणं दुसऱ्यांदा उलटल्यावर ट्रेनर म्हणाले, आता हिला स्टडला, म्हणजे पैदाशीच्या फार्मला द्या. भागीदारांच्या सह्या, घोडीचा ओळखीचा पासपोर्ट, रेस क्लबातले कागद, कुठंच अडलं नाही. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या फिलीनंच मारली होती; आमची त्या पंक्तीतली नव्हे, पण पुण्याच्या पावसाळी हंगामात १२०० मीटरला जिंकलेली. तिची शिंगरं धावलेली बघायची होती.

तोवर तिला शहापूरकडच्या तबेल्यात ठेवली. पुण्याकडच्या स्टडची अट एकच, ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाचा निगेटिव्ह रिपोर्ट. अट रास्तच आहे. हा रोग माणसालाही होतो आणि लागण निघालेलं जनावर मारावं लागतं.

रक्त काढलं, बर्फात ठेवलं आणि पशुवैद्यक खात्यात फॉर्म अडला. त्यात बिल्ला क्रमांकाचे बारा चौकोन होते. गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्याचा नंबर बारा आकडी. घोड्याच्या मानेत डाव्या बाजूला मायक्रोचिप असते, तिचा पंधरा आकडी. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "रकाना रिकामा चालणार नाही." मी पासपोर्ट उघडून दाखवला. "मग बिल्ला मारून आणा." थरोब्रेडच्या, शर्यतीच्या जातिवंत घोडीच्या, कानाला भोक पाडा, असं पशुवैद्यक खात्यातला माणूस सांगतो! साहेब दौऱ्यावर, मग मीटिंगला, मग रजेवर. तेवढ्यात काढलेलं रक्त वाया गेलं, ते पुन्हा काढावं लागलं.

माझा जीव का खालीवर होत होता ते सांगते. गाईसारखं कृत्रिम रेतन थरोब्रेडला चालत नाही, स्टड बुकात, म्हणजे वंशावळीच्या नोंदवहीत, त्या शिंगराची नोंदच होत नाही. घोडी स्वतः घोड्यापाशी जायला हवी. ती साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते, गाभण राहिल्यावर अकरा महिने. आणि शिंगराचं वय १ जानेवारीपासून धरतात, म्हणजे उशिरा जन्मलेलं पिल्लू जानेवारीत जन्मलेल्यांच्या बरोबरीनं धावणार. टेबलावर गेलेला एकेक माज त्या शिंगराच्या वाट्यातून जात होता.

शेवटी ठाण्याच्या एका निवृत्त पशुवैद्यक काकांनी सुचवलं, तोंडी बोलू नकोस, लेखी अर्ज दे. चिपचा नंबर, पासपोर्टातल्या खुणांच्या पानाची साक्षांकित प्रत, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नकोस. आवक शिक्का पडला आणि साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात पंधरा आकडे हातानं लिहून दिले. पाच मिनिटांचं काम!

अर्ज दोन प्रतींत न्या, हे आधी सांगायला हवं होतं. आणि चिप स्कॅन करून बघा. कागदावरचा आकडा आणि मानेतला आकडा जुळलेला बरा.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. मे महिन्यात घोडी फळवली, सोनोग्राफीत गाभण निघाली. शिंगरू एप्रिलात येईल. स्टड बुकाच्या नोंदणीला त्याचा डीएनए नमुना लागेल, त्याचा फॉर्म मी आत्ताच मागवून ठेवलाय.