खाटा वाढवण्याआधी

सरकारी रुग्णालयात खाटा कमी पडू लागल्या की पहिली मागणी होते ती नव्या इमारतीची. मी सिम्युलेशन मॉडेल, म्हणजे रुग्णालयासारख्या व्यवस्थेची संगणकावर चालणारी नक्कल, तयार करण्याचं काम करते, त्यामुळे मी आधी विचारते, आत्ता भरलेल्या खाटांवर कोण आहे आणि ते कशासाठी थांबलेत?

एक साधं गणित बघा. रोज सरासरी ४० रुग्ण दाखल होतात आणि प्रत्येक जण सरासरी ५ दिवस राहतो, तर २०० खाटा भरलेल्या असतात. मुक्काम अर्ध्या दिवसाने घटला तर १८०. एकही वीट न रचता २० खाटा मोकळ्या! आणि हा अर्धा दिवस बहुतेकदा उपचारांतला नसतोच. डिस्चार्ज सकाळी लिहिलेला असतो, पण कागद, औषधं आणि घरी न्यायला माणूस यांची जुळवाजुळव होईपर्यंत संध्याकाळ उजाडते. हे अहवालात सापडत नाही, वॉर्डातल्या सिस्टर सांगतात. म्हणून मॉडेल बनवायला बसताना त्या पहिल्या दिवसापासून टेबलावर हव्यात, असा माझा हट्ट असतो.

‘९५ टक्के खाटा भरलेल्या’ हे प्रशासनाला कौतुकाचं वाटतं. मला त्याची काळजी वाटते. खाटेसाठी थांबणं ही शेवटी रांगच, म्हणून रांगेचं सोपं उदाहरण घ्या: एकच खिडकी, माणसं कधीही येणार, प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. अशी खिडकी ८० टक्के वेळ व्यस्त असेल तर तिथे सरासरी ४ माणसं असतात, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना थेट १९. डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉल्सचा अभ्यास करताना रांगांच्या या शास्त्राचा पाया घातला. एका खिडकीपुरतं ते कागदावर सुटतं. अपघात विभाग, शस्त्रक्रियागृह आणि वॉर्ड एकमेकांत अडकले की मात्र सिम्युलेशन लागतं, आणि तेही शेकडो वेळा चालवावं लागतं, कारण एकदाच मिळालेलं उत्तर निव्वळ योगायोग असू शकतो.

मॉडेलची सीमा, म्हणजे त्यात काय धरायचं आणि काय सोडायचं, हे कोण आखतं, हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्या मदतीने शहराचं मॉडेल उभं केलं आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध केलं. स्वस्त घरं बांधल्याने शहराची स्थिती आणखी बिघडते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर मोठा वाद झाला, आणि एक ठोस आक्षेप असा होता की भोवतालची उपनगरं मॉडेलमध्ये नीट आलीच नव्हती.

रुग्णालयातही तसंच होतं. रांग बघून नोंद न करताच परत गेलेला रुग्ण आकडेवारीत नसतो, म्हणून मॉडेलमध्येही नसतो. मग ‘सध्याची क्षमता पुरेशी आहे’ असं उत्तर अगदी प्रामाणिकपणे येतं. निर्णय घेणाऱ्यांपुढे मॉडेल ठेवताना त्यात कोण धरलेलं नाही याची यादी पहिल्याच पानावर असावी, आकड्यांच्याही आधी. अशी यादी नसेल तर अधिकाऱ्यांनी ती मागितली पाहिजे.